२५ फुटांची लाल पट्टी १५ वर का दिसली: विश्वामित्रीच्या ग्राफचं प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या काठाला राहणाऱ्यांना पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात, एक म्हणजे कालाघोडा पुलापाशी नदी किती फुटांवर आहे आणि दुसरा आजव्याचा. नदीची धोक्याची पातळी २५ फूट. आजवा म्हणजे सयाजी सरोवर, त्याचा आकडा २११, २१२ असा येतो. दोन्ही फुटांतच, पण शून्य वेगवेगळं, २१२ म्हणजे तळ्यात २१२ फूट खोल पाणी आहे असं नाही. आमच्या वहिनींच्या सोसायटीतल्या एका काकांनी एकदा विचारलेलं की आजवा २१२ आणि नदी २५, म्हणजे आजवा नदीच्या साडेआठपट झालं ना? सगळे हसले होते. मी पण.

तर ही सोसायटी नदीच्या अगदी जवळ आहे, नाव देत नाही. २०२४ च्या जूनमध्ये वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ग्रुपवर आकड्यांचा नुसता पाऊस पडतो, कोणाला काही कळत नाही, एक ग्राफ करून द्या ना." मी काम टाकलं भाच्यावर, तो इथल्या एम. एस. विद्यापीठात शिकतो आणि पायथन बरं लिहितो. वहिनी शीटमध्ये वेळ आणि पातळी भरणार, स्क्रिप्ट मॅटप्लॉटलिबने (पायथनमध्ये ग्राफ काढायचं साधन) ग्राफ काढून त्याची पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, करणार, आणि एक साधं वेब पान ते चित्र दाखवणार. डाव्या ॲक्सिसवर नदी, उजव्यावर आजवा.

आता यात एक गोची होती आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. तेव्हाच्या मॅटप्लॉटलिबला देवनागरी नीट जुळवता येत नव्हती, फॉन्ट दिला तरी "विश्वामित्री" मधली पहिली वेलांटी भलत्या जागी जायची आणि जोडाक्षर सुटं पडायचं. गुजरातीचं पण तसंच. म्हणून ठरलं की ग्राफमध्ये फक्त रेषा आणि आकडे, आणि शब्द सगळे पानावर, चित्राच्या वरून चिकटवायचे. धोक्याची लाल पट्टीसुद्धा पानावरच, कारण ती दाबली की गाड्या कुठे हलवायच्या, मीटर कोण बंद करणार ही माहिती उघडायची. म्हणजे २५ फूट हे चित्रात नेमके कितव्या पिक्सेलवर येतात ते स्क्रिप्टला काढावं लागणार आणि पानाला सांगावं लागणार.

हिशोब काय होता

चित्र ८ इंच बाय साडेचार इंच, १०० डीपीआय (इंचाला १०० ठिपके), म्हणजे ८०० बाय ४५० पिक्सेल. मॅटप्लॉटलिब नेहमीच्या सेटिंगमध्ये ग्राफची चौकट उंचीच्या ०.११ पासून ०.८८ पर्यंत ठेवतं, म्हणजे खालून ४९.५ व्या पिक्सेलपासून ३९६ व्या पर्यंत, एकूण ३४६.५ पिक्सेल उंची. भाच्याने सुरुवातीलाच वाय ॲक्सिस ० ते ३० असा बांधून टाकला होता. मग एक फूट म्हणजे ११.५५ पिक्सेल, आणि २५ फूट खालून ३३८ व्या पिक्सेलवर.

हे गणित हाताने करायचं नसतं, त्यासाठी मॅटप्लॉटलिबमध्येच ट्रान्सडेटा आहे. त्याला डेटामधला बिंदू दिला की तो पिक्सेल देतो. फक्त मॅटप्लॉटलिब पिक्सेल मोजतं डावीकडे खालच्या कोपऱ्यापासून आणि ब्राउझर मोजतो वरच्या कोपऱ्यापासून, म्हणून भाच्याने ४५० मधून वजा करायची एक ओळ टाकली होती. पट्टी वरून ११२ वर बसली. जून, जुलै सगळं झकास.

अडचण

२६ ऑगस्ट, सोमवार, गोकुळाष्टमी. त्या दिवसाचा पाऊस वडोदऱ्यात कोणी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी २५ च्या वर गेलं, मग ३० च्या वर, नंतर ३५ पण ओलांडलं. ३० ला काय झालं तर ग्राफची रेष वरच्या कडेला जाऊन कापली गेली, कारण ॲक्सिस तिथेच संपत होता. वहिनींचा फोन, "नदी ग्राफच्या बाहेर गेलीय."

भाच्याने फोनच्या हॉटस्पॉटवरून (लाइट गेलेली) पहिला उपाय केला, ० ते ३० वाली ओळ काढून टाकली, म्हणजे ॲक्सिस आपोआप डेटाप्रमाणे वाढेल. रेष नीट आली. पण लाल पट्टी गायब. आणि ग्रुपवर लगेच मेसेज, पट्टी काढली म्हणजे आता धोका नाही का?

दुसरा उपाय माझ्या सांगण्यावरून झाला. मी म्हणालो, "अरे, ॲक्सिस ० ते ४० कर, पिक्सेल किती येतो तो एकदा प्रिंट करून बघ आणि तोच आकडा सरळ पानात टाकून दे, नंतर बघू." त्याने प्रिंट केलं, २६६ आलं, टाकलं. पट्टी परत आली आणि आम्ही दोघं झोपायला गेलो, खरं तर आडवे झालो.

सकाळी त्या साडेआठपटवाल्या काकांनीच ग्रुपवर लिहिलं, "आ लाल पट्टी पंदर पर केम छे?"

पट्टी खरंच डाव्या ॲक्सिसवर १५ आणि १६ च्या मधे होती. पाणी धोक्याच्या दहा-बारा फूट वर होतं, आमचा ग्राफ दाखवत होता वीसच्या आसपास. त्या वेळी त्याने फार फरक पडला नसेल, पाणी तसंही घरात होतं. पण पाणी उतरायला लागल्यावर हीच पट्टी राहिली असती तर नदी २० वर आली तरी लोकांना अजून धोक्याच्या वर दिसली असती, आणि तेव्हा लोक घरी परतायचं ठरवत असतात.

नेमकं काय बिघडलं

दोन वेगळ्या चुका होत्या, आणि तिसरी रांगेत उभी होती.

पहिली चूक मला स्वतःला समजायला सर्वात जास्त वेळ लागला. ३० वाली ओळ काढल्यावर ट्रान्सडेटाने काय दिलं असेल? ८७१२. साडेचारशे पिक्सेलच्या चित्रात ८७१२ वा पिक्सेल. ४५० मधून वजा केल्यावर उणे ८२६२, म्हणजे पट्टी पानाच्या वर कुठेतरी आभाळात. कारण असं की मॅटप्लॉटलिब ३.२ पासून ॲक्सिसची आपोआप वाढ आळशीपणे करतं, प्लॉट म्हटल्याबरोबर नाही तर चित्र खरंच काढायची वेळ येते तेव्हा, किंवा तुम्ही गेट_वायलिम असं, म्हणजे ॲक्सिस कुठून कुठपर्यंत आहे ते, विचारता तेव्हा. ट्रान्सडेटा मात्र हे विचारत नाही, त्या क्षणी जी मर्यादा आहे ती घेऊन मोकळा होतो, आणि कोऱ्या ग्राफची मर्यादा असते ० ते १. मग एक फूट म्हणजे अख्खी चौकट, ३४६.५ पिक्सेल, गुणिले २५, अधिक ४९.५. करून बघा, बरोबर ८७१२ येतं. जूनपासून हा घोटाळा कोडमध्ये होताच, फक्त ० ते ३० आधीच बांधलेलं असल्यामुळे झाकलेला होता.

दुसरी चूक सरळ माझी. मी म्हणालो प्रिंट झालेला आकडा टाक. ० ते ४० वर २५ फूट म्हणजे खालून २६६, हे बरोबरच होतं. पण हा आकडा खालून मोजलेला आणि पान वरून मोजतं. वजाबाकीची ओळ स्क्रिप्टमध्ये होती, आम्ही स्क्रिप्टला वळसा घालून थेट पानात टाकलं तर ती ओळ चालणार कशी. वरून २६६ म्हणजे खालून १८४, आणि १८४ वर येतात साडेपंधरा फूट. काकांचा डोळा बरोबर.

तिसरी म्हणजे वहिनींची दोन महिन्यांची मागणी, फोनवर ग्राफ आडवा सरकवावा लागतो, तो स्क्रीनमध्ये मावेल असं करा. भाचा त्याच सकाळी ते पण करून टाकणार होता, चित्राची रुंदी शंभर टक्के केली की झालं. झालं नसतं. ३६० पिक्सेलच्या फोनवर चित्र २०२ पिक्सेल उंच होतं आणि पट्टी योग्य जागी म्हणजे १८४ वर असती तरी ती शून्य फुटांच्या रेषेच्याही खाली गेली असती, नदीच्या तळाखाली.

पर्याय काय होते

बुधवारी फोनवर आम्ही दोघांनी हे तोललं, मधे मधे रेंज जात होती त्यामुळे अर्धं मेसेजमध्ये.

एक म्हणजे ० ते ४० कायम बांधून ठेवायचं, वजाबाकी परत लावायची, बस. पाच मिनिटांचं काम. भाच्याला हेच हवं होतं आणि त्या रात्रीपुरतं ते चाललंही असतं. माझा आक्षेप असा की ३० पण आपण असंच "कायम" म्हणून बांधलेलं.

दुसरा पर्याय एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी आकार आणि मजकूर लिहून ठेवणारी चित्राची फाइल. मॅटप्लॉटलिबला सांगता येतं की एसव्हीजीमध्ये अक्षरांचे आकार काढू नकोस, मजकूर मजकूरच ठेव, मग ब्राउझर तो स्वतः जुळवतो आणि मराठी, गुजराती दोन्ही सुंदर दिसतात. पानावर काही चिकटवायची गरजच नाही, सगळं एकाच मोजपट्टीत. मला हा फार आवडला होता. पण वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला, "लोक पान उघडत नाहीत हो भाऊजी, ते फॉरवर्ड केलेला फोटो बघतात." एसव्हीजी व्हॉट्सॲपवर फोटोसारखा उघडत नाही. संपलं.

आणि यावरून अजून एक भानगड कळली जी आमच्या डोक्यातच नव्हती: फॉरवर्ड झालेल्या पीएनजीमध्ये लाल पट्टी कधीच नव्हती! ती पानावर होती. जूनपासून अर्धी सोसायटी धोक्याची रेष नसलेला ग्राफ बघत होती. पट्टी गायब झाल्याचा गोंधळ ज्यांनी घातला ते मोजके पान उघडणारे.

तिसरा पर्याय, ब्राउझरमध्येच ग्राफ काढणारी लायब्ररी. चांगलं आहे, पण पुराच्या मधे गाडी बदलायची नसते.

चौथा आम्ही घेतला. रेष आणि आकडे ग्राफच्या आत, शब्द बाहेर, आणि बाहेरच्या शब्दांना पिक्सेल नाही तर टक्के द्यायचे.

काय केलं

पहिलं काम, लाल रेष मॅटप्लॉटलिबच्या आतच काढली, ॲक्सएचलाइन वापरून, वाय २५. यात रूपांतर आपल्याला करावंच लागत नाही. ही रेष आतून दोन मोजपट्ट्या मिसळते, उभी जागा डेटाच्या फुटांत आणि आडवी जागा चौकटीच्या ० ते १ मध्ये, म्हणून तारखा कितीही पुढे सरकल्या तरी रेष या कडेपासून त्या कडेपर्यंतच राहते. रेषेच्या उजव्या टोकाला "२५" हा आकडा पण त्याच मिश्र मोजपट्टीत टाकला, गेट_वायॲक्सिस_ट्रान्सफॉर्म ने. आधीच्या एका प्रयोगात भाच्याने तो शेवटच्या नोंदीच्या वेळेवर टाकलेला, तर दर तासाला तो रेषेवरून चालत जायचा.

शेवटच्या नोंदीचा आकडा बिंदूच्या थोडा वर हवा होता. भाच्याने आधी पातळीत अर्धा फूट मिळवून लिहिलेलं. ० ते ३० वर अर्धा फूट म्हणजे पावणेसहा पिक्सेल, ० ते ४० वर सव्वाचार, आकडा बिंदूवर बसायला लागला. अंतर फुटांत नको, कागदावर हवं. म्हणून ॲनोटेट (बिंदूला मजकूर जोडणारं फंक्शन), जागा डेटामध्ये आणि सरक ८ पॉइंट वर. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, त्यामुळे १०० डीपीआयला ११ पिक्सेल आणि २०० ला २२, दिसायला सारखंच.

मग बाहेरच्या शब्दांसाठी एकच फंक्शन. आधी कॅनव्हास.ड्रॉ, चित्र काढायला लावणारी आज्ञा, म्हणजे मर्यादा पक्क्या होतात, मग ट्रान्सडेटाने पिक्सेल, मग ट्रान्सफिगरच्या उलट्या रूपाने पूर्ण चित्राचा अपूर्णांक, मग १ मधून वजा. २५ फुटांचं उत्तर वरून ४०.९ टक्के. हा आकडा १०० डीपीआयला तोच, २०० ला तोच, ३६० च्या फोनवर पण तोच. वजाबाकी फक्त या फंक्शनमध्ये, बाकी कुठे दिसली तर ती चूक असं ठरवलं.

इथे भाच्याने एक चांगली गोष्ट पकडली, माझ्या लक्षात आली नव्हती. चित्र सेव्ह करताना कडेची पांढरी जागा काढायला त्याने त्याच दिवशी टाइट क्रॉप लावला होता, तो चित्राचा आकारच बदलतो, कडेला ०.१ इंच सोडून बाकी कापतो. मग टक्के पूर्ण चित्राचे आणि फाइल कापलेल्या चित्राची. क्रॉप काढला.

तारखेचं थोडक्यात. शब्दांचा फुगा शेवटच्या नोंदीवर टाकायचा तर आडवी जागा पण लागते, आणि ट्रान्सडेटाला तारीख समजत नाही, आकडा लागतो. मॅटप्लॉटलिब तारखा १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस म्हणून ठेवतं, २७ ऑगस्ट २०२४ म्हणजे १९९६२. डेट२नम ने तो काढून द्यायचा. ३.३ च्या आधीच्या आवृत्तीत सुरुवात वेगळी होती, त्यामुळे हा आकडा हाताने लिहू नका.

निर्णयाच्या जागा

० ते ३० ठरवलं तेव्हा आम्हाला माहीत असायला हवं होतं. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता आणि तेव्हाही नदी ३० च्या वर गेलेली. त्या वेळी भाचा शाळेत, मी गावाबाहेर, पण वहिनी तिथेच होत्या, पहिल्या मजल्यावर अडकलेल्या. त्यांना एकदा विचारलं असतं की सर्वात वर कुठे गेलं होतं, तर त्यांनी जिन्याची पायरी दाखवली असती. आता वरची मर्यादा ४० किंवा कमाल पातळी अधिक ३, यातलं जे मोठं ते.

रात्रीचा तो फोन. मी भाच्याला म्हणालो "आकडा टाकून दे", तो मामा म्हणून ऐकणारच. मी विचारायला हवं होतं की हा आकडा कुठून मोजलेला. आज परत तीच वेळ आली तर मी पट्टी काढून टाकायला सांगेन आणि तिच्या जागी एक ओळ, "धोक्याची पातळी २५ फूट, डाव्या बाजूचा आकडा बघा." कुरूप, पण खोटं नाही.

तपासणीबद्दल एक कबुली. पहिल्या गोंधळानंतर भाच्याने हुशारी म्हणून उलटी तपासणी लिहिली, पिक्सेल काढायचा, उलटा फिरवायचा, परत २५ येतात का बघायचं. आले. दरवेळी येतात! मर्यादा ० ते १ असली तरी येतात, कारण जाताना आणि येताना एकच चुकीची मोजपट्टी. त्यापेक्षा आता जी आहे ती बरी, सेव्ह झालेली फाइल परत वाचायची, वरून खाली लाल रंगाची ओळ कुठे आहे ते शोधायचं आणि फंक्शनने सांगितलेल्या जागेशी ताडून बघायचं. १०० डीपीआयला १८४ च्या आसपास सापडली पाहिजे. नाही सापडली तर पान अपलोड होत नाही, जुनंच राहतं आणि वेळ लाल अक्षरात दिसते.

निकाल

दुरुस्त ग्राफ बुधवारी संध्याकाळी गेला. रेष फॉरवर्डमध्ये पण दिसायला लागली. पाणी उतरेपर्यंत तोच चालला, नंतरचे दिवस चिखल काढण्यात गेले, कोडकडे कोणी बघितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी बैठकीत परत आजव्याचा विषय काढला, एकाच ग्राफवर डावीकडे २५ आणि उजवीकडे २१२, लाल रेष उजवीकडून वाचली तर कुठली पातळी समजायची? खरं होतं, उजव्या ॲक्सिसवर तिला काही अर्थच नव्हता. मग आजवा वेगळ्या चौकटीत खाली काढला. पहिल्याच रनला भाच्याने फंक्शनला चुकून आजव्याची चौकट दिली, २०५ ते २१५ च्या पट्टीवर २५ फूट, अर्थात चित्राच्या कितीतरी खाली. लाल ओळ सांगितलेल्या जागी सापडली नाही, अपलोड थांबला. वहिनींना कळलंसुद्धा नाही, त्या त्या वेळी ग्रुपवर सेव उसळ कोणाकडून मागवायची यावर भांडत होत्या.